अक्षरामागे दहा पैसे

आमच्या भोयरांच्या घराण्यात आजवर कोणी वेडं झालेलं नाही. त्यामुळे ब्याऐंशीच्या दसऱ्यापासून त्र्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत मी जे काही केलं ते पूर्ण शुद्धीत केलं, असंच धरून चालावं लागतं.

मी तेव्हा नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होतो. प्रताप नगरात भाड्याच्या दोन खोल्या, बायको गोपिका, मांडीवरचा पोरगा आणि वीस तारखेपर्यंत पुरणारा पगार. कारखान्याची बस नाक्यावरून न्यायची, नाक्यावर आणून सोडायची, तेही फुकट. पण सुख टोचतं म्हणतात ते उगीच नाही. आमच्याच खात्यातल्या केशव नावाच्या कालच्या पोरानं नवी मोटारसायकल घेतली. सकाळी तो बसला मागे टाकून जाताना माझ्या खिडकीकडे पाहून हात करायचा. तो त्याचा चांगुलपणा होता, पण माझा दिवस तिथंच नासायचा.

दसऱ्याला मी छावणीतल्या एका निवृत्त सुभेदाराकडून जुनी मोटारसायकल विकत घेतली. पैसे आणले गोपिकेच्या गळ्यातून.

तिच्या गळ्यात एकदाणी होती. सोन्याच्या मण्यांची, गळ्याला लागून बसणारी माळ. तिच्या आईची, जिजाबाईंची. लग्नात लेकीच्या गळ्यात ती बांधल्यावर त्या माउलीनं आपला मोकळा झालेला गळा पदरानं झाकून घेतला होता, हे मी बोहल्यावरून डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी गोपिकेला म्हटलं, "चार महिन्यांत सोडवून आणतो वं." तिनं काही न बोलता मानेमागचा दोरा सोडला. बाई बोलत नाही तेव्हा ती हो म्हणत असते, असा माझा त्या काळचा अभ्यास होता.

इतवारीतल्या देवाजी सराफानं एकदाणी तोलली, अडीच हजार रुपये मोजले आणि शेकडा दोन व्याज सांगितलं. वर म्हणाला, "रुपराव, दर दिवाळीले मी वह्या बदलवतो. तुम्हाले पुढच्या दिवाळीपर्यंतची सवड देतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीपर्यंत सोडवून न्या. नाही तं मंग मले हे आटवा लागन." मी हसलो. वर्षभरात अडीच हजार फेडणं म्हणजे काय मोठं काम, असं त्या हसण्याचं म्हणणं होतं.

मोटारसायकलीबद्दल फार बोलत नाही, कारण ती आता हयात नसावी. सुभेदार म्हणाला होता, गाडी मिलिटरीतली आहे. ते खरं असावं, कारण ती पेट्रोल पलटणीच्या हिशेबानं प्यायची. हिंगण्याच्या रस्त्यावर चढ आला की ती विचारात पडायची आणि बंद व्हायची. मी उतरून ढकलायला लागलो की मागून कारखान्याची बस यायची. सगळी बस माझ्याकडे पाहून हात करायची. फुकट बसायला मिळत होतं तेव्हा एकटा केशव हात करायचा. कर्ज काढल्यावर बावन्न जण करायला लागले.

चार महिने गेले, सहा गेले. मी सराफाला व्याज देत होतो, तेही आठवण केल्यावर. गोपिकेनं माहेरी जाणं बंद केलं. तिचं माहेर उमरेडजवळ, एसटीनं दोन तासांवर. संक्रांतीला पोराला खोकला होता, होळीला तिचे पाय दुखत होते. पोराला खोकला नव्हता आणि तिचे पायही दुखत नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "उघड्या गळ्यानं मायसमोर काय उभी राहू?" तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणात बरा आहे.

चैत्रात मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना बहुधा चैत्रात सुचतात, ऊन तेव्हापासूनच डोक्यात जातं.

हिशेब सोपा होता. नोकरीला लागल्यापासून मी नात्यागोत्यातलं, खात्यातलं, गल्लीतलं एकही लग्न सोडलं नव्हतं, एकही बारसं सोडलं नव्हतं. सगळीकडे आहेर केला होता. आहेर म्हणजे काय? आज मी द्यायचा, उद्या त्यानं चढता परत करायचा. म्हणजे अख्ख्या नागपुरात माझे पैसे बिनव्याजी पडून होते. वसुलीला फक्त एक निमित्त हवं होतं, आणि पोराचं जावळ व्हायचंच होतं.

"मोठं जावळ करू," मी म्हटलं. "दीडशे पान. एका दिवसात एकदाणी घरी."

"लोकं भांडे आणतीन," गोपिका म्हणाली.

"पाकिटं आणतीन."

"तुम्ही काय देत होते?"

मी भांडी देत होतो. नुसती देत नव्हतो, दुकानातच त्यांच्यावर नाव टाकून घेत होतो. 'रुपराव भोयर यांजकडून सप्रेम भेट', तेही तळाशी नाही, चांगलं पोटावर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं. पण माणसाला दुसऱ्याच्या अकलेवर विश्वास असतो. मी तिला म्हटलं, "लोकं माह्यापेक्षा शहाणे हायेत." हे एकच वाक्य त्या वर्षी मी खरं बोललो, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

मोटारसायकल बाराशेला विकली. ते बाराशे नेऊन सराफाच्या हातावर ठेवावेत, हे शेंबड्या पोराला सुचलं असतं. मी ते मांडव, बुंदी, वांगी आणि आचाऱ्यात घातले, आणि कमी पडले ते किराणा दुकानदाराच्या खात्यावर मांडले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात, त्यात मी निदान पाठलाग तरी जोरात केला.

जावळ मे महिन्यात झालं. मामाच्या मांडीवर बसवून पोराचे केस काढायचे, म्हणून गोपिकेचा भाऊ आला, त्याच्याबरोबर जिजाबाईही आल्या. नागपूरचा मे महिना, दुपारची वेळ, मांडवाखाली कढईसारखी ऊब, आणि गोपिकेनं गळ्याभोवती पदर दोनदा गुंडाळलेला. घाम तिच्या हनुवटीवरून ठिबकत होता. जिजाबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "घसा बसला का वं?"

"हो," गोपिका म्हणाली, अगदी खणखणीत आवाजात.

जिजाबाईंनी पंखा घेतला आणि लेकीला वारा घालत बसल्या. मी पंगतीत आग्रह करत हिंडत होतो. बुंदी वाढताना खर्च आठवून माझा हात आखडू लागला, तेव्हा आचाऱ्यानं वाटी काढून घेतली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसते हात जोडून उभे राहा."

लोक खरोखर माझ्याइतकेच शहाणे निघाले. मी जसं दिलं होतं तसं त्यांनी परत केलं. सात लेमन सेट. तांबे, ताटं, डबे, एक हंडा, आणि चमच्यांची इतकी बंडलं की आम्ही दोघं जन्मभर नुसतं ढवळत बसलो असतो तरी ती संपली नसती. आणि एकूण एक भांड्यावर नाव. केशवनं आणलेल्या पातेल्यावर तर त्याच्या आईवडिलांसकट सगळं कुटुंब होतं. पाकिटं निघाली ती सगळी मिळून मांडवाच्या भाड्याइतकीही भरली नाहीत.

पाहुणे गेल्यावर गोपिका त्या भांड्यांच्या मधोमध बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही हे मला उशिरा कळलं. मी शेजारी बसलो. एक तांबा उचलून त्यावरचं नाव वाचत राहिलो.

"उद्या इतवारीत नेऊ," ती डोळे पुसून म्हणाली. "आता बोलणं तुम्ही नका करू."

पोराला शेजारच्या कुसुमताईंकडे ठेवून आम्ही दोन पोती रिक्षात घातली आणि इतवारीत मधुकररावांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. माझे सगळे आहेर मी याच दुकानातून घेतले होते, त्यामुळे मान मिळेल असं वाटलं होतं. मधुकररावांनी एक तांबा उचलला, फिरवला, खाली ठेवला.

"याच्यावर नाव हाये, रुपराव. नावाचं भांडं नवं म्हणून कोण घेईन? मोडीत घेतो."

"घासून निघत नाही का?"

"निघते. पण मंग भांडं घासलेलं दिसते." त्यांनी तराजू पुढे ओढला. "तुमच्यासारखं मोठं नाव असलं तं जास्तच दिसते."

मोडीच्या पैशात किराण्याचं खातं मिटलं. म्हणजे सराफाचं कर्ज जिथं होतं तिथंच राहिलं, मोटारसायकल गेली, आणि गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं ही म्हण मला पहिल्यांदा नीट समजली.

आम्ही निघणार तेवढ्यात दुकानात एक जोडपं घाई करायला लागलं. त्यांना लग्नाला जायचं होतं आणि ताटावर नाव टाकून हवं होतं. दुकानासमोरच्या ओट्यावर रामाजी नावाचा म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन नावं टाकत बसायचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून तो छिन्नी-हातोडी दुकानात ठेवून गावी गेला होता आणि ओटा रिकामा होता. गिऱ्हाईक ताट ठेवून दुसऱ्या दुकानात जायला निघालं.

"द्या इकडं," गोपिका म्हणाली. "मी टाकते."

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. "येते का त्यायले?"

मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी ठामपणे म्हटलं, "येते."

ती ओट्यावर बसली. शाळेत असताना फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची, एवढं मला ठाऊक होतं. तिनं ताटावर पेन्सिलीनं नाव लिहिलं. मग रामाजीची छिन्नी अक्षरावर ठेवून हातोडीनं हलकेच टिचकी मारली. एक ठिपका. त्याला लागून दुसरा. रांगोळीचे ठिपके काढावेत तसे ते ओळीनं उमटत गेले. त्या जोडप्याची बस चुकली असेल बहुधा, पण नाव उठलं ते सरळ, गोल, स्वच्छ. मधुकररावांनी ताट उजेडात धरलं आणि परत काही माझ्याकडे पाहिलं नाही. जे विचारायचं ते तिलाच विचारलं.

अक्षरामागे दहा पैसे ठरले. काम घरी नेऊन करायचं आणि परत आणून द्यायचं.

अशा रीतीनं मी, स्टोअर क्लार्क रुपराव भोयर, भांडं धरणारा झालो. कारण नुसतं भांडं ठोकलं तर त्याला पोचा पडतो. आतून लाकडी ठोकळा लावून कोणीतरी ते घट्ट धरावं लागतं, आणि अक्षर पुढे सरकलं की भांडंही तेवढंच सरकवावं लागतं. सायकलवर इतवारीतून माल आणायचं काम माझं, धरायचं माझं, पुसून कागदात बांधायचं माझं. अक्षर तिचं. सुरुवातीला मी मध्येच "थोडं वर घे", "थोडं मोठं काढ" असं सांगत असे. तिच्या हातोडीचा एक घाव माझ्या अंगठ्यावर बसल्यापासून मी सांगणं बंद केलं. तो चुकून बसला होता असं ती अजून म्हणते.

अक्षरागणिक पैसे म्हटल्यावर आमची माणसं पारखायची रीतच बदलली. लांब नावाचा माणूस आम्हाला सज्जन वाटू लागला. 'चि. सौ. कां.' ही अक्षरं पाहिली की मला भरून यायचं. नुसती आद्याक्षरं टाकून मागणाऱ्याला गोपिका गोड बोलून म्हणायची, "दादा, गावाचं नाव नाही टाकत का? उद्या पंगतीत बदललं तं वळखाचं कसं?" माणूस विचारात पडायचा आणि गाव टाकायचा. गावाचं नाव लांब असलं तर आमचा चहा त्यातून सुटायचा.

धंदा बसतो आहे असं वाटतंय तोच आषाढी एकादशी आली आणि लग्नं बंद झाली. ऐन लग्नसराई संपताना लग्नाच्या भांड्यांवर पोट लावणारा दुसरा जोडधंदेवाला इतवारीनं पाहिला नसेल. मधुकरराव म्हणाले, आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबा. तुळशीचं लग्न दिवाळीनंतर लागतं. देवाजीची मुदत दिवाळीआधी संपत होती.

"तुमच्या कारखान्यात किती लोकं डबे आणते?" गोपिकेनं एके दिवशी विचारलं.

"सगळेच आणते."

"सगळ्यायचे डबे सारखे. बदलत नाही का?"

रोज बदलायचे. रोज कँटीनमध्ये कोणाची तरी वांग्याची भाजी कोणीतरी खायचं आणि त्यावरून शिफ्टभर तोंडं चालायची. ती काय म्हणते आहे ते माझ्या लक्षात आलं.

"म्या डबे गोळा करू? बसमध्ये?"

"नका करू," ती म्हणाली. "मी येते बसमध्ये."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी पोतं घेऊन उभा राहिलो. गेल्या दसऱ्याला याच बसमधून वर उठायचं म्हणून मी बायकोचं सोनं गहाण टाकलं होतं, आणि आता दोन बाकांच्या मधून रिकामे डबे मागत चाललो होतो. "नाव टाकून देतो, अक्षरामागे दहा पैसे," हे मी इतक्या हळू म्हटलं की ड्रायव्हरला गाडीच कुरकुरल्यासारखी वाटली आणि त्यानं वेग कमी करून विचारलं, काय बिघडलं म्हणून. पहिला डबा केशवनं दिला. त्याची मोटारसायकल मेकॅनिककडे होती. तो म्हणाला, "भाऊ, बायकोचंबी नाव टाका, पैसे देतो." मला त्याचा राग राग करायची इतकी सवय होती की त्याच्याशी नीट बोलायला मला प्रताप नगरपर्यंतचा रस्ता लागला.

उरलेला आषाढ आणि श्रावण आम्ही डब्यांवर काढला. मग ती भजनी मंडळाकडे गेली, देवळाच्या भंडाऱ्याच्या भांड्यांचं काम आणलं, गणपती मंडळाचं आणलं. माझी शिफ्ट सुटली की पोराला झोळीत घालायचं, चहा घ्यायचा आणि बसायचं. ठक ठक ठक. घरमालक एकदा विचारायला आला, तर गोपिकेनं त्याच्या दोन बादल्यांवर फुकट नाव टाकून दिलं. नंतर तो आवाज त्याला गोड लागू लागला.

पण मी मी होतो. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, आधी गोपिकेला ताप आला. गणपती मंडळाचा भाताचा मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. इतके दिवस मी तिचा हात बघत होतो. ठिपक्याला ठिपका लावायचा, त्यात काय मोठं? आणि खरं सांगायचं तर मधुकरराव मला आता "गोपिकाबाईचे मालक" म्हणून हाक मारायचे, ते मला खुपत होतं. ती झोपलेली असताना मी गंज मांडीवर घेतला, तोंड माझ्याकडे, बूड पलीकडे, म्हणजे हात नीट पोहोचेल. चार तास खपून मंडळाचं पूर्ण नाव काढलं. अक्षर काही वाईट नव्हतं. मग गंज उचलून जमिनीवर सरळ ठेवला, आणि सगळं मंडळ शीर्षासन करून उभं राहिलं.

गोपिका उठून आली, गंजाकडे पाहिलं. तिचा चेहरा तापानं आधीच लाल होता.

"मंडळाले सांगू, वाढप्यानं गंज उपडा केला की वाचता येईन," मी म्हटलं.

ती हसली नाही. "मी तुमच्या हातातून काही हिसकून नाही राहिली," ती म्हणाली. "पण एवढं एक काम मले येते. एवढं एक. हे बी तुम्हालेच कराचं होतं का?"

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की थट्टा सुचेना, आणि थट्टा सुचत नाही तेव्हा मला हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नाही. मी ठोकळा घेतला आणि गंजाच्या आत धरला. तिनं अंगात ताप असताना दुसऱ्या बाजूला सगळं नाव पुन्हा काढलं, सरळ. मी धरलं. मंडळानं एकाच नावाचे पैसे दिले आणि दोन्ही बाजूंनी मान वाकडी करून पाहिलं.

दसऱ्यापासून कामाच्या घाईत हात दिसेनासे झाले. दिवाळीत, त्यातून धनत्रयोदशीला, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. गरिबातला गरीब माणूस त्या दिवशी निदान चमचा तरी नवा घेतो. मधुकररावांनी गोपिकेला रामाजीच्या ओट्यावरच बसवलं. मी कारखान्यातून रजा घेतली. सकाळपासून गर्दी अशी की आमच्या अंगावर हातगाड्या चढायच्या. ती मान वर न करता विचारायची, "नाव?" मी नाव कागदावर लिहायचो, भांडं धरायचो, फुंकर मारून पुसायचो, पैसे डब्यात टाकायचो. दोन वेळा बसल्या जागी पोहे खाल्ले. एका बाईनं स्वतःचं नाव टाकून मागितलं आणि नवऱ्याचं नको म्हणाली. गोपिकेनं पहिल्यांदा मान वर केली, त्या बाईकडे नीट पाहून घेतलं आणि त्या नावाचे पैसे घेतले नाहीत. मी डब्याचं झाकण लावत होतो. मी काही बोललो नाही, हे माझ्या प्रगतीचं लक्षण.

दिवे लागायच्या सुमारास ती उठून आत गेली आणि मधुकररावांशी काहीतरी बोलत उभी राहिली. पैशाचंच असेल म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला सकाळी, आम्ही अभ्यंगस्नान करून देवाजी सराफाकडे गेलो. माझा बोनस आणि तिच्या अक्षरांचे पैसे मिळून मुद्दल आणि राहिलेलं व्याज, दोन्हीला रक्कम पुरली. देवाजीनं दोनदा मोजली, कारण तो मला ओळखत होता. मग तिजोरीतून पुडी काढली, सोडली, आणि एकदाणी माझ्यासमोर ठेवली.

मी ती उचलून गोपिकेच्या गळ्यात बांधली. दोरा लवकर बसेना. देवाजीनं आरसा पुढे केला. ती बराच वेळ आरशात पाहत राहिली. बोटांनी एकेक मणी चाचपला. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, सुटलो. आता हिला घेऊन भाऊबीजेला उमरेडची एसटी धरायची, जिजाबाईंसमोर ताठ मानेनं उभं राहायचं.

"देवाजी," मागून गोपिकेचा आवाज आला, "याच्यावर आज किती देता?"

देवाजीला वाटलं ती गंमत करते आहे. मलाही तसंच वाटलं. पण ती गंमत करताना आधी माझ्याकडे पाहते, आणि आता पाहत नव्हती.

"रामाजी आता परत नाही येत," ती म्हणाली. "मधुकरराव तो ओटा पाडव्याले दुसऱ्याले देऊन राहिले. डिपॉझिट दिलं तं मले देतो म्हणते. आन् नाव टाकाची विजेची मशीन भेटते. एका दिवसात चार दिवसाचं काम होते."

"आन् भाऊबीज?" मी म्हटलं. "मायनं विचारलं तं काय सांगशीन?"

"सांगीन, गहाण ठेवली म्हणून." तिनं मानेमागं हात नेला आणि दोरा सोडला. "मीच ठेवली. त्यात लपवाचं काय हाये?"

मी तिच्याकडे पाहिलं. गळा पुन्हा मोकळा झाला होता, आणि पदर खांद्यावर जिथल्या तिथं होता. तो तिनं वर ओढला नाही.

देवाजीनं एकदाणी पुन्हा तराजूत टाकली. नवी वही अजून पूजेला लागायची होती, म्हणून कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. गोपिकेनं सही केली, फळ्यावरच्या सुविचारासारखी गोल आणि स्वच्छ. मी पेन घ्यायला हात पुढे केला. नवरा म्हणून, जामीन म्हणून, काहीतरी माझंही लागत असेल.

देवाजीनं कागद अलगद आपल्याकडे ओढून घेतला. "तुमची नाही लागत, रुपराव," तो म्हणाला. "बाईची पुरे."

मला अपमान वाटायला पाहिजे होता. मी थांबून पाहिलं, पण तो काही आला नाही. उलट छातीवरचं एक ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. मी रक्कम मोजून पिशवीत घातली आणि पिशवी तिच्या हातात दिली.